ट्रेलरला हळद लागली

सुट्टी कशाला म्हणायचं याबद्दल माझं मत अगदी साधं आहे. सकाळचा चहा दुसऱ्या कोणीतरी केलेला असावा आणि ज्या पलंगावर मी झोपले तो मला आवरावा लागू नये. बस, एवढंच. हे दोन्ही जिथे मिळतं त्या जागेला हॉटेल म्हणतात, आणि म्हणून मी हॉटेलची बाई आहे. त्यामुळे अमेरिकेत, सनीव्हेलच्या आमच्या घरात, आमटी वाढून घेता घेता, आमच्या ह्यांनी जेव्हा "अगं, मी एक ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय" असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "त्यात असतं काय?"

"सगळं! बेड, बाथरूम, फ्रिज आणि फुल किचन!"

किचनचं नाव त्यांनी काढायला नको होतं.

"म्हणजे मी माझं स्वयंपाकघर गाडीला बांधून गावोगाव ओढत न्यायचं? आणि तिथे पोचल्यावर त्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या? आणि याला सुट्टी म्हणायचं?"

"तू काही करायचं नाहीस. सगळं मी करणार. यू जस्ट सिट."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. प्रत्येक वेळी बसायला जाते आणि प्रत्येक वेळी "अगं, जिरं कुठे ठेवलंयस?" असा आवाज येतो.

वर्षभरापूर्वी आमची जुनी मिनीव्हॅन विकून हे पिकअप ट्रक घेऊन आले होते, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. "खताची पोती आणायला बरा पडतो," असं कारण सांगितलं होतं. आमच्याकडे कढीपत्त्याची एक कुंडी आहे आणि कोथिंबिरीची एक. त्यांना किती खत लागणार? आता उलगडा झाला. ट्रेलर गावाबाहेरच्या एका भाड्याच्या जागेत आधीच येऊन उभा होता आणि हे रोज संध्याकाळी 'चालायला' जात होते ते तिथे. नवीन बाळाला बघायला जावं तसे.

मी खूप भांडले. भांडताना माणूस जे जे बोलतो ते सगळं बोलले. मग हे म्हणाले, "एक काम करू. जस्ट वन नाइट. वाळवंटात एक मस्त आरव्ही पार्क आहे. शनिवारी जाऊ, रविवारी परत. तुला आवडलं तर ठेवू, नाही आवडलं तर देऊन टाकू. सॅक्रामेंटोचा एक माणूस मागे लागलाच आहे, रविवारी सकाळी फोन करणार आहे. तू नाही म्हणालीस की मी त्याला हो म्हणतो. परत कधी विषय काढणार नाही."

अशी पैज मला फार आवडते, कारण निकाल माझ्याच हातात होता.

पण खरं सांगायचं तर एक गोष्ट मला आतून टोचत होती. कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे घरात नुसते फिरत असायचे. गॅरेज लावायचे, लावलेलं गॅरेज पुन्हा लावायचे, बाहेरचं तापमान मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा दुपारी मी सहज त्यांच्या मागून गेले तर स्क्रीनवर एक लांबलचक रिकामा रस्ता चालला होता, कुठल्याशा ट्रेलरवाल्याने काढलेला, आणि हे आवाज बंद करून त्याच्याकडे बघत बसले होते. उभी हयात ह्या माणसाने एकाच हायवेवर घर ते ऑफिस केलं. त्या दुपारी मी आल्या पावली मागे फिरले. अर्थात हे टोचणं मी दाखवलं नाही. निकाल माझ्या हातात आहे म्हटल्यावर चेहरा कडकच ठेवावा लागतो.

मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. "आई! डॅड बॉट अ हाउस ऑन व्हील्स? दॅट्स सो क्यूट!" क्यूट म्हणे. तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याने तुझं किचन ट्रकला बांधलं की सांग मला कसं क्यूट वाटतं ते.

सामानाचं सगळं ह्यांनीच करायचं ठरलं होतं. त्यांनी ब्रेड, अंडी आणि बटाट्याचे वेफर्स घेतले. मी ते बघितलं, एक उसासा टाकला, आणि मग तवा, कुकर, सांडशी, लाटणं, थालीपिठाची भाजणी, दाण्याचं कूट, रवा, तूप, चिवड्याचा मोठा डबा आणि माझा मिसळणाचा डबा भरला. मिसळणाचा डबा म्हणजे तो गोल, स्टीलचा, आत मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंगाच्या छोट्या वाट्या असलेला. तो आईने दिलेला आहे. मी तो फोडणीच्या अगदी हाताशी, ओट्यावरच्या फडताळात ठेवला आणि दार लावून घेतलं. ट्रेलरमध्ये नुसतं दार लावून भागत नाही, त्याची खिट्टी सरकवावी लागते, हे ह्यांनी मला सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं.

पहाटे निघालो. बेकर्सफिल्ड मागे पडलं, डोंगर चढला, उतरला, आणि पलीकडे ते वाळवंट एकदम समोर पसरलं. मोकळं, तपकिरी, मधूनच जोशुआची झाडं, हात वर करून उभी. हे स्टिअरिंगवर गाणं गुणगुणत होते. मी खिडकीतून बघत होते आणि मनात 'छान आहे हं' असं म्हणत होते. मोठ्याने म्हणाले, "नुसतं माळरान आहे."

"ब्यूटिफुल ना?"

"बघू."

आरव्ही पार्क म्हणजे खडीचं एक मोठं मैदान. त्यात आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला एक विजेचा खांब, एक नळ, एक लाकडी टेबल आणि एक बिचारं झुडूप. हिवाळ्यात थंडीला कंटाळलेली उत्तरेकडची म्हातारी मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन अशा ठिकाणी येऊन राहतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. जिकडे बघावं तिकडे पांढरे केस, चट्ट्यापट्ट्याच्या घडीच्या खुर्च्या आणि लहान लहान कुत्री. सरळ आत शिरून सरळ पुढून बाहेर पडता येईल अशा जागा भरलेल्या होत्या. आमच्या वाट्याला आली ती रिव्हर्स घेऊन शिरायची.

"नो प्रॉब्लेम," हे म्हणाले. "सिंपल जॉमेट्री आहे."

ज्याने कधी मागे ट्रेलर लावून रिव्हर्स घेतलेली नाही त्याला सांगते. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. डावीकडे वळवलं की उजवीकडे. आणि घाबरून सरळ केलं की तो मधूनच मोडल्यासारखा दुमडतो. ह्यांची जॉमेट्री पहिल्या झटक्यातच शेजाऱ्याच्या झुडपात गेली. दुसऱ्या झटक्यात नळाच्या दिशेने निघाली. मी मागे उभी होते आणि आपल्याकडे गल्लीत टेम्पो मागे घेताना कोणीही उभा असलेला माणूस आपोआप जे करतो तेच मी करत होते. ट्रेलरच्या पाठीवर थाप मारत ओरडत होते, "येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या! बाऽऽस!"

तिसऱ्यांदा बास म्हणून मागे बघितलं तर समोर प्रेक्षक जमले होते. खोटं सांगत नाही, खुर्च्या घेऊन आले होते. एकाच्या हातात मक्याच्या लाह्या होत्या. मला नंतर कळलं की अशा पार्कांत नव्या माणसाची रिव्हर्स हा दिवसाचा मुख्य कार्यक्रम असतो. पुढच्या रांगेत जांभळी टोपी घातलेल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, आमच्या शेजारच्याच जागेतल्या. त्यांनी मला विचारलं, मी काय म्हणतेय. मी म्हटलं, "लेट हिम कम."

"ओह, आय लाइक दॅट," म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन ट्रेलरला थाप मारून ओरडल्या, "येवू द्या!"

झालं. त्यांच्या मागोमाग त्यांचे यजमान, मग लाह्यावाले, मग एक कुत्रीवाल्या बाई. सगळं वाळवंट ओरडायला लागलं, "येवू द्या! येवू द्या!" ट्रकच्या खिडकीतून ह्यांचं डोकं बाहेर आलं, चेहरा घामेजलेला. "अगं, हू इज सेइंग दॅट?" मला इतकं हसू आलं की मी ट्रेलरला टेकून खालीच बसले. उचकी लागली. बास म्हणायला तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा ते काम जांभळ्या टोपीवाल्यांनीच केलं. त्यांनी "बाऽऽस!" म्हणून हात वर केला आणि ट्रेलर नेमका दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी खाली उतरून चक्क कमरेत वाकून नमस्कार केला.

त्या क्षणी मला जाऊन ह्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मग पैजेचं काय? मी उचकी गिळली, पदर असल्यासारखी ओढणी सारखी केली आणि गंभीर चेहऱ्याने ट्रेलरचं दार उघडलं.

आत जेजुरी झाली होती.

फडताळाचं दार उघडून मिसळणाचा डबा बाहेर पडला होता आणि डोंगर उतरताना सगळीकडे गडगडत फिरला होता. हळद ओट्यावर, हळद जमिनीवर, हळद पडद्यांवर. मोहरी पायाखाली कुरकुरत होती. आणि बसायच्या बाकावरच्या त्या दुधाळ रंगाच्या गाद्या, ज्यांच्यावर हे मला वाटेत थांबलो तेव्हा पाण्याची बाटलीसुद्धा उघडू देत नव्हते, त्या भंडारा उधळल्यासारख्या पिवळ्याधमक.

"जय मल्हार," माझ्या तोंडून निघून गेलं.

हे माझ्यामागून डोकावले. मग धावले, ओला फडका घेऊन आले आणि घासायला लागले. ओल्या फडक्याने हळद घासली तर काय होतं हे कुठल्याही मराठी बाईला विचारा. पिवळा डाग ताटाएवढा होता तो परातीएवढा झाला.

"अहो, पाणी नका लावू!"

"अगं, पण बायरला काय सांगू? ही विल सी धिस!"

"सांगा, ट्रेलरचं लग्न ठरलंय. हळद लागली."

मला पुन्हा हसू फुटायला लागलं होतं, पण ह्यांना नाही. ते पायरीवर बसले, दोन्ही हात पिवळे, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "तुला नाही ना आवडलं? पहिल्यापासूनच काहीतरी होतंय."

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण सवयीने तोंडातून निघालं, "बघू उद्या."

तेवढ्यात टकटक झाली. जांभळी टोपी. हातात काचेचं एक लांबट भांडं, ओव्हनमध्ये घालतात तसं, त्यात पीचचा गरम गोड पदार्थ आणि वर खुसखुशीत आवरण. "वेलकम टु द नेबरहुड," म्हणाल्या. पिवळ्या जमिनीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि काहीच विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात शंभर मार्क दिले.

गोड आम्ही दोघांनी भांड्यातूनच चमच्यांनी संपवलं. इतकं चविष्ट होतं की ह्यांचा चेहरासुद्धा जरा वर आला. त्यांनी भांडं घासलं, पुसलं आणि परत द्यायला निघाले.

"थांबा," मी म्हटलं. "रिकामं?"

"अगं, धिस इज अमेरिका. चालतं."

"मला नाही चालत."

आमच्या आईने शेजारच्यांचं भांडं कधी रिकामं परत दिलं नाही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामं नाही. मी काचेच्या भांड्यात चिवडा भरला, काठोकाठ, आणि स्वतः घेऊन गेले. आजींनी विचारलं, "पण हे कशासाठी?" मी आपलं माझ्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. रिकामं दिलं म्हणजे येणं-जाणं संपलं. भरून दिलं म्हणजे चालू राहिलं.

त्यांनी भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वेल," त्या म्हणाल्या, "आय वुड हेट टु बी द वन हू एंडेड इट."

मी घरी, म्हणजे ट्रेलरात, पोचून जेमतेम खुर्ची उघडली असेल, तर बाई पुन्हा हजर. तेच काचेचं भांडं. चिवडा संपला होता, यजमानांनी ओंजळी भरभरून खाल्ला म्हणे, आणि आता त्यात मक्याचा गोडसर ब्रेड होता. आता माझी पंचाईत. मला भांडं परत करायचंय आणि ते रिकामं देता येत नाही. तिकडे त्यांनाही रिकामं परत करता येत नाही, कारण मीच शिकवलेलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. दोघींनाही कळलं होतं की ह्याला आता अंत नाही.

"अहो," मी हाक मारली, "भाजणी भिजवा."

"मी?"

"सगळं मी करणार म्हणाला होतात ना? यू जस्ट सिट, म्हणाला होतात. मी बसलेय."

आणि मी खरंच बसले. बाहेर, खडीवर, घडीच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. आतून "अगं, जिरं कुठे आहे?" असा आवाज आला. मी म्हटलं, "जमिनीवर." पहिलं थालीपीठ करपलं, दुसरं तुटलं, तिसऱ्याला मात्र मधलं भोक आणि कडेचा कुरकुरीतपणा बरोबर जमला. हे तवाच बाहेर घेऊन आले मला दाखवायला. मी म्हटलं, "ठीक आहे." त्यानंतरची दोन काचेच्या भांड्यातून आजींकडे गेली.

थालीपिठाचा वास त्या कोरड्या हवेत जो काही सुटला त्याला तोड नाही. लाह्यावाले आले, कुत्रीवाल्या बाई आल्या. प्रत्येकजण स्वतःची खुर्ची आणि हातात काही ना काही घेऊन. कोणाची टेबलं कोणी ओढली कळलं नाही. सनीव्हेलमध्ये एखाद्या घरी चहाला जायचं तरी तीन आठवडे आधी मेसेज टाकून, कॅलेंडर जुळवून, 'सॉरी यार, या वीकएंडला नाही जमत' असं दोनदा होऊन मग जावं लागतं. इथे लोक नुसते येऊन बसत होते. मला किती दिवसांनी असं वाटलं सांगू, की मी परक्या देशात नाही, आमच्या लहानपणच्या कॉलनीच्या गच्चीवर आहे. सूर्य बुडाला तेव्हा डोंगर आधी गुलाबी झाले, मग जांभळे, आजींच्या टोपीसारखे. मी हसत होते, टाळ्या देत होते, कुत्र्याला थालीपीठ भरवत होते. आणि तवा घेऊन ह्यांचं डोकं दारातून बाहेर आलं की लगेच चेहरा उतरवून, हाताची घडी घालून, परीक्षकासारखी बसत होते. आजींनी ते पाहिलं असावं. मला कोपर मारून म्हणाल्या, ही गाडी तुमच्याकडे कधीपासून आहे?

"उद्यापर्यंत आहे," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला आणि त्या खूप हसल्या. मीही हसले, पण हातातला मक्याचा ब्रेड तसाच टेबलावर ठेवला.

सकाळी मला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. डोळे उघडून बघते तर हे ट्रेलरचा नट पिळायच्या पान्याने आलं ठेचत होते. मी पडूनच राहिले. जरा वेळाने चहा माझ्या हातात आला. पांघरुणात, न मागता, आलं घातलेला. साखर कमी होती आणि दूध उतू गेलेलं दिसत होतं, पण चहा होता. मी कप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. थंडी नाकाला झोंबत होती, उन्हाची पहिली तिरीप खडीवर आली होती. वळून आत बघितलं तर हे पलंगावरची चादर ओढून सारखी करत होते. उशा ठेवल्या, पांघरुणाची घडी केली, हळदीचा डाग झाकावा म्हणून बाकावरची गादी उलटी केली. उलट्या बाजूलाही डाग होता.

चहा केलेला. पलंग आवरलेला. मी स्वतःच सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्या माणसाने आपणहून केल्या होत्या, आणि तो कुठल्याही हॉटेलमध्ये नोकरीला नव्हता.

तेवढ्यात शेजारून इंजिनाचा आवाज आला. आजी-आजोबा निघाले होते. ते ऍरिझोनात पुढच्या पार्कवर चालले होते, वसंत येईपर्यंत मुक्काम तिथेच, असं काल म्हणाले होते. त्यांचा ट्रक आमच्यासमोर येऊन सावकाश झाला. जांभळी टोपी खिडकीतून बाहेर वाकली आणि माझ्या हातात काहीतरी दिलं. काचेचं भांडं. आत केळ्याचा ब्रेड, अजून कोमट.

"पण तुम्ही तर चाललात!" मी म्हटलं. "हे परत कसं करू?"

"युवर टर्न!" आजी ओरडल्या. ट्रक पुढे सरकला. वळणावर त्यांनी हात बाहेर काढून दाराला थाप मारली आणि लांबून ऐकू आलं, "येवू द्या!"

मी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात भांडं घेऊन धुळीकडे बघत उभी. आणि मागून, ट्रेलरच्या आतून, ह्यांचा आवाज आला. फोनवर. अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये असा.

"येस, येस, गुड मॉर्निंग. नो, माय वाइफ डिडंट लाइक इट. इट्स ओके. शी गेव्ह इट अ चान्स. देअर इज लिटल यलो स्टेन, आय विल बी ऑनेस्ट… मंडे इज फाइन."

बाई गं. काल संध्याकाळपासून मी जो चेहरा करून बसले होते तो त्यांनी खरा मानला होता! वाद नाही, विनवणी नाही, चहा देऊन आणि पलंग आवरून हा माणूस शब्द पाळायला निघाला होता. मी कप पायरीवर ठेवला, भांडं काखोटीला मारलं, आत शिरले आणि त्यांच्या हातातला फोन घेतला.

"हॅलो," मी म्हटलं. "सॉरी. नॉट फॉर सेल."

पलीकडचा माणूस गोंधळला. त्याने विचारलं, काही अडचण आहे का.

"येस," मी म्हटलं. "आय हॅव टु रिटर्न अ डिश."

आणि फोन ठेवून दिला.

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या काखेतल्या भांड्याकडे, मग परत माझ्याकडे. "अगं, भांडं काय, मेल करता येईल. पार्सल करू."

"काचेचं आहे. फुटेल."

"बबल रॅपमध्ये घालू."

"आणि रिकामं पाठवू?"

मी केळ्याच्या ब्रेडचा एक तुकडा तोडला, त्यांच्या हातावर ठेवला आणि एक मी घेतला. मग विचारलं, "किती लांब आहे हो ते ऍरिझोनातलं?"

"डावीकडे वळलं तर घर आहे," ते सावकाश म्हणाले. "उजवीकडे वळलं की दुपारपर्यंत पोचू."

"घरी काय आहे? कोथिंबिरीची कुंडी. तिला एक दिवस शेजारचे पाणी घालतील. रवा आहे, तूप आहे, साखर आहे. वाटेत कुठेतरी थांबून शिरा करा. मी सांगते कसा करायचा."

"म्हणजे तुला आवडलं?"

आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता, पण एकदम सगळं कबूल करायचीही मला सवय नाही. मी म्हटलं, "गाद्या बदलायच्या नाहीत. राहू देत पिवळ्या."

हे वळून ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेले, आणि बराच वेळ तिथेच काहीतरी तपासत राहिले, जिथे तपासण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना तेवढा वेळ दिला. तोवर मी सगळ्या फडताळांच्या खिट्ट्या सरकवल्या, एकेक हलवून बघितली, मिसळणाचा डबा माझ्या मांडीवर ठेवायचं ठरवलं आणि काचेचं भांडं मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं.

मग ते डोळे पुसून आले, नाक जरा लाल होतं, "डस्ट आहे गं इथे" म्हणाले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. काल सोडवून ठेवलेला ट्रेलर पुन्हा जोडायचा तर ट्रक अगदी बोटभरही न चुकता मागे आणावा लागतो. मी आकड्याशेजारी उभी राहिले, हात वर केला आणि आजूबाजूचे लोक अजून झोपलेत याची पर्वा न करता ओरडले,

"येऊ द्या!"